जुन्या नाशकातल्या वाड्याच्या दर्शनी भागात बदल करायचा तर परवानगी लागते का?

तुम्हाला तळमजल्याची ओसरी काढून दुकानाचं शटर बसवायचं आहे आणि वरच्या सागवानी खिडक्यांच्या जागी अॅल्युमिनियम. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे, म्हणजे वेगळी परवानगी नको, असं ठेकेदार म्हणतो. ते चूक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची नोटीस धोका दूर करायला सांगते, वाड्याचं तोंड बदलायची मुभा देत नाही.

आधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि त्यावरचा सिटी सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या राजीव गांधी भवनातल्या नगररचना विभागात लेखी विचारा: वाडा वारसा यादीत आहे का, कोणत्या श्रेणीत, पूररेषेत येतो का. तोंडी उत्तरावर काम सुरू करू नका. यादीतल्या वास्तूला रंग देणं, गिलावा बदलणं यालाही आयुक्तांची लेखी पूर्वपरवानगी लागते आणि ती वारसा समितीच्या सल्ल्याने मिळते. श्रेणी १ मध्ये आतबाहेर काहीच हलवता येत नाही, फक्त वास्तू टिकवण्यापुरती डागडुजी. श्रेणी २ मध्ये आतले बदल चालतात, बाहेरचे काटेकोर तपासले जातात. श्रेणी ३ मध्ये सूट जास्त, पण परिसराचं रूप बिघडता कामा नये. जवळ सुंदरनारायण मंदिर किंवा सरकारवाड्यासारखं राज्य संरक्षित स्मारक असेल तर राज्य पुरातत्त्व विभागालाही विचारा. केंद्र संरक्षित स्मारकाचा नियम वेगळा, उदाहरणार्थ पांडवलेणी किंवा त्र्यंबकेश्वर: १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित. त्या १०० मीटरात १६ जून १९९२ पूर्वीचं घर असेल तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो.

नोटिशीबरोबर मागितलेल्या संरचना तपासणीत (स्ट्रक्चरल ऑडिट) हमखास घोळ होतो. काँक्रीटची ताकद आजमावणारा हातोडा (रिबाउंड हॅमर) लाकूडमातीच्या वाड्याला काहीच सांगत नाही. तपासायचं ते तुळईचं भिंतीत घुसलेलं टोक, खांबाचा तळखड्यावर, म्हणजे पायाच्या दगडावर, टेकलेला बुंधा आणि गळक्या कौलांखालचा कडीपाट, म्हणजे कड्या-फळ्यांचं लाकडी छत. टोच्या (टोकदार अवजार) आत सहज जातो तिथे लाकूड कुजलेलं असतं. असा अभियंता शोधा जो प्रत्येक खांबाला आणि तुळईला क्रमांक देऊन नोंद करेल. नाहीतर अख्खा वाडा सी-१ ठरतो, म्हणजे रिकामा करून पाडा. वास्तविक अनेकदा दोनचार खणांचंच (खांबांमधल्या गाळ्यांचंच) दुखणं असतं. तेव्हा टेकू देऊन कुजलेला भाग कापायचा आणि सागवानाचा सांधा द्यायचा. वाडा टिकेल की जाईल हे या अहवालावर ठरतं, म्हणून इथे पैसे वाचवू नका.

अर्ज वास्तुविशारदामार्फत करा. सोबत द्यायचं: मिळकत पत्रिका, सर्व हिस्सेदारांची संमती, आहे त्या स्थितीचे मोजमापाचे नकाशे, प्रस्तावित नकाशे, चारही बाजूंचे व कोरीवकामाचे फोटो, साहित्याची यादी. प्रस्तावित नकाशात जुनं, नवं आणि पाडायचं वेगवेगळ्या रंगात दाखवा. अर्ज अडकतो तो बहुतेक इथेच, कारण नुसत्या नव्या नकाशावरून समितीला काय जाणार आहे ते कळत नाही. शटर हवंच असेल तर ओसरीचे खांब-तुळया जागेवर ठेवून मागच्या ओळीत लाकडी फळ्यांचं दार सुचवा. खिडक्यांची चौकट ठेवून आतून जाळी किंवा काच बसवता येते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ६० दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद आहे. तिच्या भरवशावर घण घालू नका. ती फक्त नियमांत तंतोतंत बसणाऱ्या प्रस्तावाला लागू होते, आणि समितीपुढे न गेलेला प्रस्ताव त्यात बसत नाही. विनापरवाना काम केलंत तर पूर्ववत करण्याची नोटीस येते, फौजदारीही होऊ शकते. सागवानी कोरीव हस्त (तुळईखालचे आधार) एकदा भंगारात गेले की पूर्ववत कसे करणार?

आणि मंजुरीत ‘सिमेंट गिलावा’ लिहू देऊ नका. पांढऱ्या मातीच्या भिंतीतला ओलावा सिमेंटमागे कोंडतो, क्षार वर येतात, गिलावा पापुद्र्यांनी सुटतो आणि तुळईचं टोक आतल्या आत कुजतं. मुरलेला चुना १ भाग, वाळू व सुरखी (विटांची भुकटी) मिळून ३ भाग, पातळ थरांत, आणि प्रत्येक थर ओला ठेवून सावकाश वाळवायचा. पावसाळ्यात हे जमत नाही, तेव्हा अर्ज आत्ताच करा, म्हणजे दिवाळीनंतर काम धरता येईल.