माळावरची छोटी गाय: चाऱ्याआधी रेतनाचं बघा

दादा, पुरंदरच्या एकरभर माळावर कोकण कपिला ही छोटी देशी गाय सांभाळायची, चारा पुरेल का आणि दूध वाढवायला जर्सीची कांडी (कृत्रिम रेतनासाठी वळूच्या वीर्याची नळी) भरू का, असं तुम्ही विचारलंय. आमचं रानही तुमच्याच बाजूला, गायही तीच, म्हणून लिहितोय. गोठा, पाणी, लसी यांवर बोलत नाही, ते तुम्ही करत असालच.

चाऱ्याचं गणित सोपं आहे. 200 किलोच्या गायीला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे रोज साधारण 5 किलो कोरडा चारा लागतो. पावसाळ्यात माळ साथ देतो, दिवाळीनंतर सगळी भिस्त कडब्यावर. रब्बी ज्वारी निघाली की फेब्रुवारी-मार्चमध्येच भरून ठेवा, मे महिन्यात शेकड्याचा (शंभर पेंढ्यांचा) भाव ऐकवत नाही. कुट्टी करूनच घाला, नाहीतर निम्मा पायाखाली जातो. माळावरचं गवत फुलोऱ्यात कापा, कुसळं धरल्यावर त्यात कस राहत नाही.

पण आम्हाला बुडवलं ते जर्सीनेच. गाय माजावर आली, मी ज्या दवाखान्यात गेलो (नाव घेत नाही) तिथे कपिलेचीच कांडी मागितली. "देशीच आहे," म्हणाले, नळीवरचा छापही दाखवला नाही. कार्डावर "देशी" लिहून मोकळे. नऊ महिन्यांनी गाय अडली. पोटात जर्सीचं थोराड वासरू! ओढून काढलं, वाचलं नाही, आणि गाय पुढे कित्येक दिवस मागच्या पायांवर उभी राहीना. तक्रार केली तर "स्टॉकमध्ये असेल तेच भरतो" हे उत्तर. मग कार्डावर देशी कशाला लिहिता, बाबांनो?

म्हणून माझं ठाम मत: पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणाऱ्या, छोट्या गायीला जर्सी-होल्स्टीन नकोच. कांडीवर वळूचा नंबर आणि जात छापलेली असते, भरण्याआधी फोटो काढा. लोक हसतील, हसू देत. शिवाय अशी संकरित कालवड जगली तरी तिला हिरवा चारा आणि खुराक लागतो, तो आपल्या माळावर कुठून आणायचा? मी डॉक्टर नाही. ज्यांच्याकडे बारमाही पाणी आहे त्यांचा अनुभव वेगळा असेल.

मिठाची वीट गव्हाणीत टांगून ठेवा. बांधावर शेवरी लावा, उन्हाळ्यात तेवढाच हिरवा पाला मिळतो. सुबाभूळही चालेल, पण एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको. आणि पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी तोंडाला लागू देऊ नका, विषबाधेने गाय तासाभरातही दगावते.