खाडी, आखात, उपसागर : कुठे कोणता शब्द?

प्रश्न दुहेरी आहे. लोकलने भाईंदरहून नायगावला जाताना पुलाखाली दिसते ती उल्हास नदी की वसईची खाडी? आणि एवढीशी ती खाडी, तर मग बातम्यांतली ‘बंगालची खाडी’ एवढी अवाढव्य कशी?

दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे. ‘बंगालची खाडी’ हिंदीतून जशीच्या तशी उचललेली आहे. हिंदीत एकच खाडी सगळीकडे चालते, मराठीत मात्र तीन शब्दांनी कामे वाटून घेतली आहेत. मोठा, रुंद तोंडाचा तो उपसागर: बंगालचा. जमिनीत खोल शिरलेला समुद्र ते आखात: कच्छचे, खंबातचे, इराणचे. म्हणून नोकरीला माणसे जातात ती आखाती देशांत. ‘खाडी देश’ लिहिले की मराठी वाचकाला कोळंबीच आठवणार. खाडी या दोहोंपेक्षा बरीच लहान. माहीमला दोन्ही शेजारी आहेत: किनाऱ्यासमोरचा माहीमचा उपसागर आणि मिठी नदी जिथे येऊन मिळते ती माहीमची खाडी.

आता पुलाखालचे पाणी. उल्हास खंडाळ्याच्या घाटाकडून उतरते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते. तिथवर ती सरळसरळ नदी. वर कर्जतला कुणी तिला खाडी म्हणणार नाही. कल्याणजवळ काळू येऊन मिळते, समुद्राची भरतीही इथवर चढते, आणि लोकांच्या तोंडी नाव बदलते: दुर्गाडीची खाडी, मुंब्र्याची खाडी, घोडबंदरची, भाईंदरची, शेवटी वसईची. पाणी एकच, नाव त्या त्या काठाचे. तेव्हा पुलाखाली दोन्ही आहे. नकाशा काढणारा नदीचे मुख म्हणेल, परिभाषेत ‘नदीमुखखाडी’ असा लांबलचक शब्दही आहे, पण बोलताना खाडीच बरोबर.

मराठी कान इथे रुंदी पाहत नाही, पाणी उलटे फिरते का ते पाहतो. दिवसातून दोनदा जिथे प्रवाह वरच्या अंगाला वाहू लागतो, ती खाडी. म्हणूनच पिण्याचे पाणी शहाड, मोहने अशा वरच्या अंगाला उचलतात आणि मिठागरे खालच्या अंगाला, भाईंदरकडे. शिवाय मागे मोठी नदी असलीच पाहिजे असेही नाही. ठाण्याची खाडी उत्तरेला एका अरुंद फाट्याने उल्हासला जोडलेली असली, तरी मुख्यतः भरतीवरच जगते.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. मग साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, कोळ्यांच्या भाषेत सुकती. कृष्ण पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. पंधरापुढे मोजत गेलात तर हिशेब चुकतो. शिवाय ही वेळ समुद्रकाठची. खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, त्यामुळे वसईची वेळ कल्याणला लावू नये. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

क्रियापदेही वेगळी पडतात. नदीला पूर येतो, ती दुथडी भरून वाहते. खाडीला भरती येते, उधाण येते, ती भरते आणि सुकते. ‘खाडीला पूर आला’ हे एरवी खटकेल. पण पावसाचा लोंढा आणि भरती एकाच वेळी आली की पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, तेव्हा ते चालून जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, त्यात भरतीही होती. त्या दिवशी मिठी कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते, हे कुर्ल्यात उभे राहून कुणालाच सांगता आले नसते.