वृद्धसेवांच्या अभ्यासदौऱ्यावर दोन आठवडे जपानला जातोय. तिथे नेमकं काय पाहावं, काय विचारावं?

तुम्ही लिहिलंय की समाजकार्यकर्त्यांचा गट जपानमधल्या ओकायामा शहरात जातोय आणि रोज दोन संस्था दाखवणार आहेत. माझा पहिला सल्ला असा की इमारती बघत फिरू नका, एका माणसाचा माग काढा. निघण्याआधीच एक काल्पनिक केस कागदावर मांडा. समजा, ८४ वर्षांच्या आजी आहेत, एकट्या राहतात. पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हल्ली विसरायला होतं आणि मुलगा टोकियोत नोकरीला आहे. प्रत्येक ठिकाणी हीच केस पुढे करा. या आजी तुमच्यापर्यंत कशा पोचतील? पहिल्यांदा कोण भेटेल? पैसे कोण भरेल? इथून पुढे कुठे जातील? ‘तुमच्याकडे खाटा किती’ असं विचारलंत तर माहितीपत्रकात छापलेलंच ऐकायला मिळेल.

उत्तरं कळायला विम्याची रचना डोक्यात हवी. जपानने २००० साली दीर्घकालीन देखभालीचा विमा सुरू केला. तो चालवते स्थानिक पालिका. चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता असतो आणि ६५ नंतर बहुतेकांचा तो पेन्शनमधूनच कापला जातो. सेवा घेणारा १० टक्के भरतो, उत्पन्न जास्त असेल तर २० किंवा ३०. उरलेला खर्च निम्मा हप्त्यांतून, निम्मा करांतून. अर्ज केला की पाहणी करणारा घरी येऊन ७४ मुद्दे तपासतो: कूस बदलता येते का, एका पायावर उभं राहता येतं का, स्वतःची नखं कापता येतात का, जन्मतारीख सांगता येते का. त्यावरून संगणक पहिली वर्गवारी करतो, मग डॉक्टरांचं मत पाहून समिती पातळी ठरवते. हलक्या मदतीच्या दोन पातळ्या, देखभालीच्या पाच. हा ७४ मुद्द्यांचा तक्ता मागून घ्याच. आपल्याकडच्या प्रवेशअर्जांत आजारांची यादी असते, पण माणसाला स्वतःचं काय काय करता येतं हे बरेचदा कोणी विचारतच नाही.

यजमानांना सांगून एक वृद्धाश्रम कमी करा आणि तो वेळ ‘चिइकी होकात्सु शिएन सेंटर’ला द्या. वृद्धांना सल्ला आणि आधार देणारी वस्तीपातळीवरची ही केंद्रं २००६ पासून आहेत. आरोग्यसेविका, समाजकार्यकर्ता आणि अनुभवी केअर मॅनेजर (कोणाला कोणती सेवा द्यायची याची आखणी करणारा) असे तिघं तिथे एकत्र काम करतात. शेजाऱ्याने ‘त्या आजी दोन दिवस दिसल्या नाहीत’ असा फोन केला तर पुढे काय होतं, हे तिथेच कळेल. ‘मिन्सेइ-इइन’लाही भेटा. हे वस्तीतले बिनपगारी कार्यकर्ते, मुदत तीन वर्षांची. या व्यवस्थेचं एक मूळ ओकायामातच १९१७ साली रुजलं, त्यामुळे यजमान यावर मनापासून बोलतील. ओकायामातल्या बागेच्या धर्तीवर उभारलेल्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे पुणेकरांना ओकायामाचं नाव परकं नाही, संभाषणाची सुरुवात तिथून करता येईल.

जमलं तर घरपोच अंघोळीची सेवा जरूर पाहा. गाडीतून सुटा होणारा टब येतो, सोबत एक परिचारिका आणि दोन मदतनीस. टब खोलीतच जोडतात, पाणी गाडीतल्या बॉयलरवर तापतं. परिचारिका आधी ताप आणि रक्तदाब बघते, आकडे ठीक नसतील तर अंघोळ रद्द होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जाळीवर घेऊन अलगद पाण्यात उतरवतात. कोण कुठे उभं राहतं, अंग झाकायला टॉवेल कधी टाकतात, हे बारकाईने पाहा. माणसाची लाज कशी राखायची हे मला तरी तिथलं सगळ्यात मोलाचं शिक्षण वाटतं.

डे सर्व्हिसला, म्हणजे वृद्धांना दिवसापुरतं सांभाळणाऱ्या केंद्राला, सकाळीच जा. गाडीतून आणणं, तपासणी, अंघोळ, व्यायाम हे बहुतेक दुपारच्या आत उरकतं. तीनला पोचलात तर खाऊ आणि परतीची तयारी तेवढी दिसेल. घर आणि केंद्र यांच्यात रोज फिरणारी वही उघडून दाखवायला सांगा: ताप, रक्तदाब, जेवण किती गेलं, शौच झालं का, अंघोळ झाली का. विमा आपल्याला उचलून आणता येणार नाही, ही वही मात्र आल्या आल्या सुरू करता येईल.

दौरे फसतात ते बहुधा वेळेमुळे. दुभाष्यामुळे दीड तासाच्या भेटीत खरं बोलणं पाऊण तासाचंच होतं. म्हणून प्रश्न दोन आठवडे आधी लेखी पाठवा आणि गटातल्या एकालाच ते विचारायला नेमा. दहा मिनिटं आधी पोचा, पण आत ठरल्या वेळीच जा. बूट पटकन निघणारे हवेत, मोजे धड हवेत. आतल्या सपाता वेगळ्या, संडासातल्या वेगळ्या. रहिवाशांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, परवानगी मिळाली तरी चेहरे टाळा. त्याऐवजी कोरे फॉर्म मागा आणि त्याच रात्री दुभाष्याकडून रकान्यांची नावं मराठीत लिहून घ्या. परत आल्यावर त्यांचा अर्थ लावून द्यायला कोणी मिळत नाही.