स्वयंपाक एकच ठेवा, फेऱ्या मात्र दोन

तुमचा मुलगा सोळा महिन्यांचा, तुम्ही दोघंही नोकरीला, आणि एकेकाळी वर्षाला दोन-तीन बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड) करणारी तुमची सायकल आता बाल्कनीत झाकून ठेवलेली. मुलाला सोबत घेऊन सायकल सुरू करता येईल का, त्याच्यासाठी वेगळं आणि मोठ्यांसाठी वेगळं रांधण्यात सकाळ संपते त्याचं काय करावं, आणि येत्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम जमेल का, असं तुम्ही विचारलंत. मीही नाशिकचीच. डॉ. महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिकेतली रॅम, म्हणजे देश आडवा पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली, त्या सुमारास गावात ज्यांनी सायकली घेतल्या त्यांत मी होते. थोरला आता आठचा, धाकटी चारची. दोघांच्या लहानपणी सायकल सुटली नाही आणि रोजचं जेवणही घरीच होत राहिलं.

माझं मत आधीच सांगते. मुलासाठी वेगळा स्वयंपाक करणं थांबवा. आणि मुलाला घेऊन मारायची फेरी व तुमची स्वतःची राईड या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवा. बहुतेक घरांत याच्या नेमकं उलटं चालतं: ताटं वेगवेगळी, आणि सायकलवर मात्र मुलाला बसवून व्यायामही उरकायचा. त्यात जेवणही नीट होत नाही आणि सायकलही.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू, कारण तुमची सकाळ तिथे अडकलीय. वर्ष उलटलेलं मूल घरात शिजणारं बहुतेक सगळं खाऊ शकतं. फक्त तिखट पडायच्या आधी त्याची वाटी बाजूला काढायची. वरण शिजलं, हळद-हिंग आणि बेताचं मीठ घातलं, त्याचं काढून घेतलं, मग आपल्या वरणाला मिरचीची फोडणी. मटकीची उसळ असेल तर मसाला घालण्यापूर्वी दोन डाव काढून चमच्याने जरा दाबायच्या. कुकरमध्ये वरण-भाताच्या डब्यांवर तिसरा छोटा डबा ठेवा. त्यात लाल भोपळा, गाजर, बटाटा, मटार, जे असेल ते. तीन शिट्ट्यांत त्याचं जेवणही झालं आणि संध्याकाळच्या पराठ्याचं सारणही. मिक्सरमधून काढू नका. सोळा महिन्यांच्या मुलाने हाताने उचलून, चावून खाल्लं पाहिजे. मऊ भाताच्या मुटक्या करून ताटलीत ठेवल्या की तो आपल्या आपण खातो. फरशीवर निम्मं सांडतं, ते सांडू द्या.

आपल्याकडे पेठ-सुरगाण्याची नागली, म्हणजे नाचणी, सहज मिळते, तिचा भरपूर उपयोग करा. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. गरम भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, वर तूप. ताकातली आंबील. गूळ घालून पातळसर धिरडी. नागली, पालेभाजी, डाळी यांतलं लोह अंगी लागायला सोबत आंबट काही हवं, म्हणून वरणावर लिंबू पिळायची जुनी सवय अजिबात सोडू नका. एवढ्याशा पोटात एका वेळी फार मावत नाही. तीन जेवणं आणि मध्ये दोन लहान खाणी असा दिवस ठेवा, आणि तुपाला हात आखडू नका.

आता गंमत बघा, लांब पल्ल्याला निघालेल्या सायकलस्वारालाही हेच लागतं: पचायला हलकं, थोडक्यात ताकद देणारं आणि दर थोड्या वेळाने. मुगाची खिचडी आणि तूप हे राईडवरून परतलेल्या माणसाचंही जेवण आहे आणि त्याच्या लेकराचंही. केळी, उकडलेला बटाटा, गुळाच्या दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, नागलीचे लाडू, हे सगळं जर्सीच्या खिशातही जातं आणि पोराच्या डब्यातही. शनिवारी रात्री दशम्यांची कणीक दुधात भिजवून ठेवली की रविवारची तुमची शिदोरी आणि त्याची न्याहारी एकाच तव्यावर होते. विकतच्या एनर्जी जेल आणि एनर्जी बारवर मी कधी पैसे घातले नाहीत, आणि २०० पर्यंत त्यांची गरज पडते असं मला वाटत नाही.

एका बाबतीत मात्र ताटं वेगळी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, पॉपकॉर्न चार वर्षांपर्यंत नकोच. हे दाणे श्वासनलिकेत अडकतात. शेंगदाण्याचा बारीक कूट चालतो. आणि द्राक्षं! आपल्या गावात जानेवारी ते एप्रिल घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात आणि पाहुणे प्रेमाने अख्खं द्राक्ष मुलाच्या तोंडात घालतात. गोल, गुळगुळीत द्राक्ष घशात घट्ट बसतं. भरपूर पाण्यात नीट धुवायचं, उभे चार काप करायचे आणि मगच द्यायचं. आजी-आजोबांनाही हे एकदा बसून सांगा, नुसतं ओरडू नका.

तो पूर्वीइतकं खात नाही, वाटी घेऊन मागे पळावं लागतं, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या वर्षात मुलाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं आणि दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोने वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. हे अपेक्षितच आहे. दूध किती पितो ते बघा. दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास पुरे. बाटल्यांवर बाटल्या गेल्या तर जेवणाची भूक मरते आणि लोहही कमी पडतं. काय आणि कधी द्यायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. वजनाचा आलेख खाली येत असेल, मूल मलूल दिसत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे न्या, इथे विचारत बसू नका.

आता त्याला घेऊन सायकल. वर्षाच्या आत नाहीच, कारण हेल्मेटचं वजन पेलण्याइतकी मान धरलेली नसते. तुमचा मुलगा सोळा महिन्यांचा आहे, आधाराशिवाय ताठ बसतो, म्हणजे हरकत नाही. सीट घेताना पाठ उंच, खांद्यावरून-कमरेवरून-पायांमधून येणारे पाच टोकांचे पट्टे, आणि पावलांना बंदिस्त जागा व वर पट्टा, एवढं पाहिजेच. आपल्याकडे जुन्या सायकलींच्या दांडीवर जी छोटी सीट लावतात तिच्यात पाय मोकळे लोंबतात. चाकाच्या तारांमध्ये लहान मुलाचं पाऊल गेलं की टाच सोलून निघते, कधी हाडही मोडतं. म्हणून ती सीट नको. पुढे बसायच्या सीट साधारण १५ किलोपर्यंत आणि मागच्या २२ किलोपर्यंत चालतात, सीटवर छापलेला आकडा बघून घ्या. कार्बनच्या रोडबाईकला सीट लावू नका. तुमची जुनी हायब्रिड किंवा साधी स्टीलची सायकल बरी. पोटाशी बांधायच्या झोळीत किंवा कॅरिअरमध्ये घेऊन सायकल चालवणं अगदी वर्ज्य, पडलात तर तुम्हीच त्याच्यावर पडाल.

त्याला बसवायचं सगळ्यात शेवटी आणि उतरवायचं सगळ्यात आधी. मूल सीटवर आणि सायकल नुसती स्टँडवर, तुम्ही गेट लावायला वळलात, असं एक क्षणही नको. मागे वजन आलं की साईड स्टँडवरची सायकल सहज कलंडते. त्यापेक्षा दोन पायांचा स्टँड बसवून घ्या, आणि तरी एक हात सायकलवर राहू द्या. आधी दहा किलोची तांदळाची पिशवी सीटवर बांधून सोसायटीत फेऱ्या मारा. ब्रेक लागायला किती जास्त अंतर लागतं, वळताना मागचं वजन कसं ओढतं, ते पायांना कळू द्या. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानांखाली जुळलेले. सीटची पाठ मागून हेल्मेटला ढकलत नाही ना, तेही बघा, नाहीतर ते डोळ्यांवर येतं आणि मूल रडतं. आपल्याला वाटतं त्याला सायकल आवडली नाही.

फेरी अर्ध्या तासाची, झोप झाल्यावर, पोट हलकं भरलेलं असताना. सीटवर खायला काहीही द्यायचं नाही. मागे त्याला ठसका लागला तर तुम्हाला दिसणारही नाही. तहान लागली की थांबून पाणी. डुलकी लागून मान लटकायला लागली की फेरी तिथेच संपली. आणखी एक लक्षात ठेवा: पॅडल तुम्ही मारता, तो नुसता वारा खात बसलेला असतो. डिसेंबरात नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा तुम्हाला घाम आला तरी त्याचे हात गारठलेले असतात, म्हणून ऊन वर आल्यावरच निघा. एप्रिलमध्ये उलट, आठच्या आत घरी. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी भरतं तेव्हा मी मुलांना सायकलवर घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका. रस्ता म्हणाल तर रविवारी सकाळी आनंदवलीच्या नवश्या गणपतीपर्यंत किंवा गोदा पार्कच्या बाजूने, जिथे थांबून पाणी, बदकं, बगळे दाखवता येतील. हायवेकडे जायचं नाही. या फेरीत वेग मोजायचा नाही, घड्याळही घरी ठेवा. ती त्याची फेरी आहे.

तुमची राईड वेगळी, आणि इथे मला जरा स्पष्ट बोलायचंय. तुमच्या प्रश्नात तुमचा वेळ आहे, मुलाचा आहे, बायकोचा कुठेच नाही. तुम्ही रविवारी चार तास दरी-मातोरी गावांकडे जाऊन आलात तर तेवढे चार तास तिने मूल सांभाळलेलं असतं. म्हणून तिला तेवढेच, तसेच सलग चार तास शनिवारी मिळाले पाहिजेत. त्यात ती पोहो, झोपो, मैत्रिणीकडे जावो. आमच्या घरी नवरा सायकल चालवत नाही, त्याचा वार संगीताच्या क्लासचा असतो. वार ठरलेले, आदल्या रात्री नव्याने परवानगी मागायची नाही की वाद घालायचा नाही. राईडवरून आलात की आंघोळ करून पुढचा स्वयंपाक तुमचा. दमून सोफ्यावर आडवे झालात तर तिच्या लेखी राईड दुपारपर्यंत लांबली.

आठवड्याचे किलोमीटर ऑफिसच्या रस्त्यावर जमवा. गंगापूर रोडवरून अंबडला तुम्ही रोज गाडीने जाता. जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस म्हणजे पासष्टच्या आसपास, आणि घरातला एकही जास्तीचा तास न घेता. त्यावर एक दिवस पहाटे तासभराची जोरकस राईड आणि एक आड एक रविवारी लांबची, हळूहळू ६० वरून १२० पर्यंत. रात्री मूल वारंवार उठलं असेल तर त्या पहाटे रस्त्यावर जाऊ नका. झोप अपुरी असताना अंधारात ट्रकच्या बाजूने जाणं कुठल्याही सरावाच्या योग्यतेचं नाही.

घरात ट्रेनरवर (जागच्या जागी पॅडल मारायच्या स्टँडवर) सायकल लावायचा विचार असेल तर दार बंद होणारी खोली हवी. या वयाची मुलं एका हाताने पॅडल फिरवतात आणि दुसरा हात चेनमध्ये घालतात. एरवीही सायकल भिंतीला उंच टांगा. चेन धुवायचं रॉकेल, डिझेल किंवा डिग्रीझर पाण्याच्या बाटलीत तर कधीच ठेवू नका. ते पिऊन दवाखान्यात पोचणारी मुलं असतातच. या रसायनांना कडीचं, उंचावरचं कपाट द्या.

राहता राहिली बीआरएम. २०० ला साडेतेरा तास मिळतात. नोव्हेंबरपासून नवा हंगाम सुरू होतो, सरावाला तुमच्याकडे वेळ आहे, तेव्हा जानेवारीतली एखादी नक्की जमेल. सहाच्या सुरुवातीला पोचायचं म्हणजे घरून साडेचारला निघणं आणि परतायला रात्र, अख्खा दिवस बायको एकटी असेल. तारीख तिला विचारून घ्या, त्या दिवशी आई किंवा बहीण येऊ शकते का ते बघा, आणि आदल्या रात्री खिचडीची डाळ-तांदूळ मोजून, भाज्या चिरून ठेवून झोपा. ३०० आणि ४०० यंदा नकोत. ६०० ला ४० तासांची मुदत असते, तो मुलगा तीनचा झाल्यावरचा विषय.

तुमच्या हायब्रिडच्या मागच्या फ्रेमला कॅरिअर बसवायची भोकं आहेत का आणि सीट-ट्यूब (सीटखालची फ्रेमची उभी नळी) किती जाड आहे, तेवढं मोजून कळवा. कुठल्या पद्धतीची सीट बसेल ते सांगते.