औषध टाकूनही गोचीड का?

प्रश्न : कुत्र्याच्या मानेवर औषधाचे थेंब टाकून आठवडा झाला, तरी कानामागे रोज दोन-तीन गोचीड सापडतात. औषध बनावट असेल का?

उत्तर : बहुधा नाही. आधी आठवून पाहा, औषधाच्या आदल्या दिवशी शाम्पू लावून आंघोळ घातली होती का? फिप्रोनिलसारखं औषध त्वचेवरच्या तेलातूनच अंगभर पसरतं, आणि शाम्पूने ते तेलच निघून जातं. म्हणून आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. थेंबही केसांवर नव्हे, केस बाजूला सारून थेट कातडीवर पडायला हवेत.

पण खरी मेख घरात असते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे हजारांवर अंडी घालते. त्यामुळे काही आठवडे नवे गोचीड चढणारच. ते मेलेले किंवा मरगळलेले दिसले तर औषध चालतंय. कुत्र्याचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, फटी साफ करून बुजवा आणि पाकिटावरच्या अंतराने औषध चालू ठेवा.

चिकटलेला गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सरळ, संथ ओढा. पोट दाबू नका. तेल, रॉकेल, पेटती काडी हे उपद्व्याप तर नकोतच. गोचीड शोधताना बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखालची जागा हमखास राहून जाते.

घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध आणू नका. मांजराच्या ते जिवावर बेततं. कुत्र्याला ताप, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या, रक्त तपासून घ्या.