मी लिहिलेलं वर्णन सोडून गूगल दुसराच मजकूर का दाखवतं?

तुमचा प्रश्न असा: पणजीतल्या होमस्टेच्या पानाला मेटा डिस्क्रिप्शन (पानाच्या कोडमध्ये लिहिलेली त्याची थोडक्यात ओळख) नीट लिहून दिलं, तरी गूगल त्याखाली भलतंच वाक्य दाखवतं. असं का होतं?

कारण शोधल्यावर पानाच्या नावाखाली दिसणारं वर्णन कायमचं ठरलेलं नसतं. माणसाने काय शोधलं त्यावरून ते दर वेळी नव्याने निवडलं जातं. गूगल आधी पानावरचाच मजकूर बघतं, आणि शोधलेल्या शब्दांशी जुळणारा तुकडा उचलतं. मेटा डिस्क्रिप्शनमधून पानाची ओळख जास्त चांगली होत असेल, तरच ते घेतं.

हे मला म्हापशात कळलं. भावाच्या काजू-सोलांच्या दुकानाची वेबसाइट मी सांभाळते. डिसेंबरात, ऐन पर्यटकांच्या दिवसांत, 'म्हापसा काजू दुकान' असं शोधलं की आमच्या नावाखाली यायचं: 'चवथीनिमित्त म्हापशाचं दुकान पाच दिवस बंद'. सूचना काढायची राहून गेली होती, हे खरंच. पण मूळ अडचण वेगळी होती. अख्ख्या पानावर 'म्हापसा' आणि 'दुकान' हे शब्द एकत्र येणारं तेवढं एकच वाक्य होतं! बाकी सगळीकडे 'आमच्याकडे', 'अस्सल चव', 'परंपरा' असलंच. मग गूगल दुसरं काय उचलणार?

सूचना काढलीच, शिवाय पानाच्या सुरुवातीला साधं वाक्य घातलं: दुकान म्हापसा बाजारात कुठे आहे, काय मिळतं, किती वाजेपर्यंत उघडं असतं. सर्च कन्सोल या वेबसाइटवाल्यांसाठीच्या गूगलच्या साधनातून पान पुन्हा तपासायची विनंती केली. काही दिवसांनी तेच वाक्य खाली दिसू लागलं.

तुम्हीही तेच करा. पाहुणा काय टाइप करेल? 'पणजी होमस्टे पार्किंग', 'मिरामारजवळ खोली'. त्याची उत्तरं पानावर पूर्ण वाक्यांत असू द्या, नुसती फोटोवर नकोत. मेटा डिस्क्रिप्शनही ठेवा, पण प्रत्येक पानाचं वेगळं. त्याला अक्षरांची ठरलेली मर्यादा नाही, मात्र स्क्रीनवर मावेल तेवढंच दिसतं, म्हणून महत्त्वाचं आधी लिहा.

एखादा भाग दिसायलाच नको असेल तर त्याला पानाच्या कोडमध्ये डेटा-नोस्निपेट (data-nosnippet) ही खूण लावता येते. ही सोय 2019 पासून आहे. पण रोबोट्स फाइलमध्ये (robots.txt, गूगलने काय वाचू नये ते सांगणारी फाइल) पानच अडवू नका. मग गूगलला आतलं काही वाचता येत नाही, आणि तुमचं मेटा डिस्क्रिप्शनही त्याच पानात असतं.