बार दुप्पट दिसतोय, मग वाढ २५% कशी?

प्रश्न: बार चार्टमध्ये आधीच्या वर्षी ४०, नंतर ५०, उभ्या अक्षावर आकडे ३० पासून. मी १० ला ५० ने भागून २०% काढलं, पुस्तकात २५% आहे, आणि बार तर चक्क दुप्पट दिसतोय! नक्की काय?

उत्तर: पुस्तक बरोबर आहे. भागायचं कायम जुन्या आकड्याने, १० भागिले ४० गुणिले १००. तुमचे २०% म्हणजे ५० वरून ४० वर घसरलं तर. दुप्पट दिसतं कारण अक्ष शून्यापासून नाहीये, ३० च्या वर एक बार १० उरतो नि दुसरा २० (काही जण हे मुद्दाम करतात बरं का), त्यामुळे उंचीवर जाऊच नका, आकडे वाचा. पाय चार्टमध्ये वेगळीच गोची, वाटा २०% चा २५% झाला तर फरक ५ टक्के-पॉइंटचा (म्हणजे दोन टक्क्यांची सरळ वजाबाकी), पण वाट्यातली वाढ २५%, आणि एकूण बेरीज बदलली असेल तर मूळ आकडे काढल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.